रिकाम्या काट्यावरचं वजन

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. माझा स्वतःचाच अजून पुरता बसलेला नाही.

पण मी तिथं होतो. जे सांगतोय ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय, आणि रात्री-बेरात्री नाही. लख्ख उन्हात, गाडीवानांच्या गर्दीत.

साल १९९७, महिना जानेवारी. जागा म्हणजे बारामतीहून इंदापूरला जाताना, लासुर्ण्याच्या अलीकडं रस्त्यालगत असलेला उसाचा वजनकाटा. कारखान्याचं नाव मुद्दाम घेत नाही.

मी तेव्हा बारामतीत भिगवण रोडवरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. नाव बुद्धघोष. वडील शाळामास्तर. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. भूत हा शब्द आमच्याकडं फक्त व्याकरणाच्या पुस्तकात, भूतकाळापुरता. त्यामुळं पुढचं सगळं मी घरी आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळीच दुकानात फोन आला.

"साहेब, काल लाईट गेली. परत आली, पर कॉम्प्युटर काय उठंना झालाय. लवकर या. हितं गाड्यांची रांग लागलीया."

बोलत होते हिंदुराव, काट्यावरचे क्लार्क. पन्नाशीचा माणूस. आवाज रडवेला.

मनात म्हटलं, रॅम हलली असेल नाहीतर पॉवर सप्लाय उडाला असेल. अर्ध्या तासाचं काम. पिशवीत पेचकस, मल्टिमीटर, दोन-तीन फ्लॉप्या टाकल्या आणि दुकानाची एम-एटी मोपेड काढली.

काट्यावर पोचलो तर रस्त्याच्या कडेनं उसानं भरलेल्या टायरगाड्याच गाड्या. बैल सोडलेले. बायका चुली मांडून बसलेल्या. ऊस वाळत चाललेला आणि माणसं तापलेली.

"आला का मेकॅनिक? आरं, बारामतीहून चालत आला काय?"

मी सरळ केबिनमध्ये शिरलो. पत्र्याची खोली. एक खिडकी, तिला गज. टेबलावर ४८६ कॉम्प्युटर आणि प्रिंटर. शेजारी काट्याचा डबा, ज्यावर वजनाचे लाल आकडे दिसतात. त्या डब्यावर हिंदुरावांनी टॉवेल टाकलेला होता. धुळीसाठी असेल, असं मला वाटलं.

बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा मात्र काळा.

ना बीप, ना अक्षर.

रॅम काढली, खोडरबरनं घासली, परत बसवली. काळा. डिस्प्ले कार्ड काढून बसवलं. काळा. हार्डडिस्कची केबल काढली, सीमॉसची बॅटरी काढून घातली, पॉवर सप्लाय बदलला. काळा, काळा, काळा.

पाठीमागून कुणीतरी दर पाच मिनिटाला विचारत होतं, "झालं का?" मला घाम फुटलेला. हाताला पेचकसाचे फोड आलेले.

तेवढ्यात खिडकीतून बाईचा आवाज आला.

"दादा... काटा करा की."

"चालू होऊ द्या बाई, मग करतो," मी मान वर न करता म्हणालो.

पुन्हा बटण दाबलं. काळा.

"दादा... लई येळ झालाय. काटा करा की."

आवाज दमलेला होता. बोलताना मधेच श्वास घेत होती.

"अहो, माझ्या हातात आहे का? आत्ता चालू होईल म्हटलं ना!"

हिंदुराव कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी वळून बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"कुनाशी बोलताय, साहेब?"

"ती बाई. खिडकीत."

खिडकीत कुणी नव्हतं. बाहेर नुसता काटा. ऊन खात पडलेला लोखंडी पत्रा, त्यावर चिटपाखरू नाही.

गेली असेल आपल्या गाडीकडं, मी म्हटलं. हिंदुराव उठून टेबलाशी आले. त्यांनी टॉवेल जरा नीट केला.

संध्याकाळपर्यंत मी हरलो. सीपीयू एम-एटीच्या सीटला दोरीनं बांधला आणि गाडीवानांच्या शिव्या खात बारामती गाठली.

दुकानात टेबलावर ठेवला. वायर लावली. बटण दाबलं.

टूक्... एक बारीक बीप. मेमरीचे आकडे पळाले आणि काट्याचा प्रोग्राम समोर उघडला.

पहिल्या झटक्यात!

आमचे शेठ मोहनराव पोट धरून हसले. "आरं, वायर तरी लावली होतीस का तितं?"

मला इतका राग आला की तो डबा उचलून भिगवण रोडवर फेकावा असं वाटलं. दहा वेळा बंद करून चालू केला. दहाही वेळा शहाण्या पोरासारखा उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत काट्यावर. जोडला. बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला.

पडदा काळा.

मी टेबलावर बुक्की मारली. हिंदुराव दचकले.

वीज तपासली, मीटरवर बरोबर. अर्थिंग तपासलं, ठीक. मॉनिटर मी दुकानातून दुसरा आणला होता. तोही काळा. काय राहिलं मग?

"जागाच बदलून बघतो," मी वैतागून म्हणालो.

रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. तिथली वीज केबिनमधूनच वायर टाकून घेतलेली. सीपीयू, मॉनिटर सगळं उचलून टपरीच्या बाकड्यावर मांडलं. गाडीवान भोवती जमले. बटण दाबलं...

टूक्.

प्रोग्राम उघडला! लोकांनी टाळ्याच वाजवल्या. एकानं माझ्या हातात चहा दिला.

चहा तसाच ठेवून मी सगळं परत केबिनमध्ये नेलं. तीच वीज. तीच वायर. तेच यंत्र.

काळा.

या वेळी टाळ्या वाजवणारे मागं सरकले. कुणीतरी हळूच म्हणालं, "जाग्यातच काय तरी हाय." मला ते ऐकून आणखी चीड आली.

"जागेत काही नसतं," मी म्हणालो. "हिंदुराव, कॉम्प्युटर राहू द्या. डब्यावर आकडा दिसतो ना? हातानं पावत्या लिहा, निदान गाड्या तरी हलतील."

"कारखाना घेत न्हाय हाताच्या पावत्या."

"मी बोलतो कारखान्याशी. घ्या पहिली गाडी."

पहिल्या नंबरची गाडी पुढं आली. बैल काट्याच्या कडेपर्यंत आले...

आणि थांबले.

गाडीवानानं चाबूक वाजवला. बैलांनी माना खाली घातल्या, नाकपुड्या फेंदारल्या, पण पत्र्यावर पाय ठेवीनात. दुसरी जोडी आणली. तीही तिथंच थांबली. तिसऱ्या जोडीतला बैल तर जूच टाकून मागं फिरला. रोज याच पत्र्यावरून जाणारे बैल!

मी केबिनमध्ये गेलो आणि डब्यावरचा टॉवेल ओढला.

लाल आकडे लागलेले होते.

काटा रिकामा. आणि आकडा... भरल्या गाडीचा.

"हे कधीपासून आहे?"

हिंदुराव भिंतीकडं बघत म्हणाले, "लाईट गेल्यापासनं. झिरो करतो, परत येतंय. वायर काढली तरी जात न्हाय."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना! दोन दिवस मी इथं कॉम्प्युटर खोलत बसलोय!"

मला उलट बरं वाटलं. खरंच. म्हटलं, सापडलं. खालच्या खड्ड्यात पत्रा कुठंतरी अडकला असणार. दगड असेल, उसाचं टिपरू असेल. काट्याचा बिघाड वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा. एकेक करून काढू.

काट्याच्या बाजूला झाकण असतं. ते उघडून मी हातातली बॅटरी पेटवून खड्ड्यात उतरलो. कंबरेएवढी जागा. ओणवं होऊन सरकावं लागत होतं. चारी कोपरे बघितले. दगड नाही, टिपरू नाही. पत्रा मोकळा.

परत फिरणार, तेवढ्यात...

खळ्... खळ्... खळ्...

घुंगरांचा आवाज. बैलाच्या गळ्यातल्या माळेचा.

मला वाटलं, शेवटी चढले बैल. मग टायर पत्र्यावर चढल्याचा दणका बसला. माझ्या डोक्यावरचा पत्रा खाली दबला. फटीतून माती माझ्या मानेवर पडली.

"ओ हिंदुराव! मी खाली आहे! गाडी घेऊ नका!"

वर कुणी उत्तर दिलं नाही. बाहेर दोनशे माणसं होती, आणि एकाचाही आवाज येत नव्हता. चहावाल्याचा स्टोव्ह नाही, बैल नाही, वारा नाही.

नुसता एक आवाज. अगदी डोक्यावर.

बाई कण्हत होती.

दात आवळून, कुणाला ऐकू जाऊ नये असं कण्हत होती. मधेच श्वास टाकत होती. मग तोच दमलेला आवाज...

"दादा... काटा करा की..."

माझ्या हातातली बॅटरी विझली.

अंधारात पत्र्याच्या फटीतून काहीतरी गळायला लागलं. माझ्या मनगटावर पडलं.

पाणी.

कोमट होतं.

मी कसा बाहेर आलो ते आठवत नाही. गुडघे सोलवटले होते. वर आलो तर ऊन तसंच. माणसं तशीच. चहावाल्याचा स्टोव्ह फुरफुरत होता. काट्यावर गाडी नव्हती, बैल नव्हते. पत्रा ठणठणीत कोरडा, इतका तापलेला की हात ठेववत नव्हता.

माझं मनगट मात्र ओलं होतं.

"कुणी गाडी चढवली?" मी ओरडलो. सगळे माझ्याकडं बघत राहिले.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. साखरबाई. पाटोद्याकडच्या ऊसतोड टोळीतली. तिनं माझा हात धरला, मनगटाला बोट लावलं, नाकाशी नेलं. आणि तिथंच मटकन खाली बसली.

"सारजा हाय," ती म्हणाली.

"कोण सारजा?"

तिनं केबिनच्या दाराकडं बघितलं. हिंदुराव दारात उभे होते.

"तू सांगतूस का मी सांगू?"

हिंदुरावांनी मान खाली घातली. मग साखरबाईनंच सांगितलं.

आदल्या हंगामातली गोष्ट. सारजा त्यांच्याच टोळीतली. नवरा म्हस्कू गाडी हाकायचा. बाई दिवस भरलेली, तरी ऊस तोडायला होती. त्या दिवशी गाडीवर मोळ्यांच्या वर बसून आली. काट्यावर गाडी चढली आणि लाईट गेली.

लाईट परत आली, पण कॉम्प्युटर उठला नाही.

आणि तिला कळा सुरू झाल्या.

"म्हस्कू पाया पडला ह्याच्या. म्हनला, गाडी खाली घिऊ द्या, बाईला दवाखान्यात न्हेतो. हे म्हनतंय, काटा झाल्याबिगर गाडी सोडायची न्हाय. आत्ता चालू हुईल, आत्ता चालू हुईल. आमी बाया वर चढलो, लुगड्याचा आडोसा केला. तिची पानमोट फुटली, पानी उसातनं खाली ह्या पत्र्यावर गळलं. ती बिचारी शेवटपातुर एकच म्हनत व्हती, दादा, काटा करा की. तिला वाटलं, काटा झाला की आपल्याला न्हेतील."

"मग?"

"मग काय. माय आन् लेकरू, दोघंबी गेली. उसावरच."

तिनं केबिनकडं बोट केलं.

"बाई गेली आन् ह्याचं यंत्र चालू झालं," साखरबाई म्हणाली. "म्हस्कूनं बैल सोडलं आन् गेला. ऊस न्हाय, गाडी न्हाय, काय न्हाय न्हेलं. परत कुनाला दिसला न्हाय."

हिंदुराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "नियम व्हता, साहेब," ते म्हणाले. "गाडी खाली घेतली तर माझी नोकरी गेली असती. आन् मला खरंच वाटत व्हतं... आत्ता चालू हुईल. आत्ता चालू हुईल."

माझ्या अंगावर काटा आला. दोन दिवस मी तेच वाक्य म्हणत होतो.

मला काही सुचत नव्हतं. मल्टिमीटर हातात होता, त्याचं काय करू तेही कळत नव्हतं. साखरबाई उठली, हिंदुरावांसमोर गेली आणि म्हणाली,

"गाडी सोड तिची."

"काय?"

"तूच अडवलीस. तूच सोड. तोंडानं म्हन."

हिंदुराव खिडकीशी गेले. गजांना धरलं. बाहेर उन्हात रिकामा पत्रा. मग रोज ओरडतात तसं ओरडायला गेले, पण आवाज चिरकला.

"गाडी... सोडली!"

काही झालं नाही. लाल आकडा तसाच.

"सारजे... सोडली गं बाई गाडी. काटा नगं. जा तू. माझं चुकलं."

हे म्हणताना तो माणूस लहान पोरासारखा रडत होता.

बाहेर रांगेतले सगळे बैल एकदम उठून उभे राहिले.

खळ्... खळ्... घुंगरं वाजली. या वेळी सगळ्यांनी ऐकली. आवाज काट्यावरून उतरला, रस्त्याला लागला आणि इंदापूरच्या बाजूला लांब लांब गेला. दोन्ही अंगाच्या माणसांनी न सांगता वाट दिली.

डब्यावरचे आकडे भराभर खाली आले.

आणि माझ्या पाठीमागं... टूक्.

बटण मी दाबलं नव्हतं. मेमरीचे आकडे पळाले. काट्याचा प्रोग्राम उघडला.

मी खुर्चीत बसलो. काम तर करायचं होतं. हिंदुराव अजून गजांना धरून रडत होते. म्हटलं, पहिली गाडी आपणच घेऊ. घ्यायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघावं म्हणून डब्याकडं बघितलं.

शून्यावर नव्हता.

दोन.

तुम्हाला एक सांगतो. तो गाड्यांचा काटा. दहा-दहा किलोनं आकडा बदलायचा. दहाच्या खालचं त्याला कळायचंच नाही. दोन हा आकडा त्या डब्यावर उमटू शकत नाही. मी ते यंत्र आतून ओळखतो. नाहीच उमटू शकत.

पण होता. लाल. स्थिर.

दोन.

मी झिरोचं बटण दाबलं नाही. का ते विचारू नका. बोट पुढं गेलंच नाही.

साखरबाई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"किती हाय त्ये?" तिनं विचारलं. तिला आकडे येत नव्हते.

मी सांगितलं.

ती वळली. बाहेर गेली. चपला काढल्या. तापलेल्या पत्र्यावर अनवाणी चढली, मधोमध जाऊन वाकली. पदर पसरला. दोन्ही हातांनी काहीतरी अलगद उचलल्यासारखं केलं आणि पदरात घेतलं. डाव्या हाताखाली आधार, उजवा हात वरून.

हातात काही नव्हतं. मी नीट बघत होतो. काहीच नव्हतं.

ती पत्र्यावरून उतरली.

डब्यावर शून्य आलं.

ती टोळीच्या कोप्यांकडं, पाचटाच्या झोपड्यांकडं, चालत गेली. चालताना खाली पदरात बघत होती. एकदा थांबली आणि उभ्या उभ्या जरा डोलली, जागच्या जागी. मग पुढं गेली.

मी दिवेलागणीपर्यंत काट्यावर बसून गाड्या सोडल्या. यंत्र एकदाही अडलं नाही. दुकानात मोहनरावांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, अर्थिंग.

पुढच्या हंगामात प्रिंटरच्या कामाला परत त्या काट्यावर जाणं झालं. हिंदुरावांनी नोकरी सोडली होती. क्लार्क नवा होता. लाईट जाते-येते, कॉम्प्युटर उठतो, म्हणाला. मी पाटोद्याच्या टोळीच्या मुकादमाला गाठलं आणि साखरबाई कुठं दिसत नाही म्हणून विचारलं.

"यंदा न्हाय आली ती. घरीच ऱ्हाती म्हनली. ल्हान पोर हाय, म्हनं, घरात. त्याला सोडून कसं यायचं."

"नातवंड का?"

मुकादम तंबाखू मळता मळता थांबला.

"न्हाय वं, साहेब. तिला मूलबाळच न्हाय. मालकबी पावसाळ्यात वारला. एकटीच ऱ्हाती." मग आवाज उतरवून म्हणाला, "पर शेजारीपाजारी म्हनत्यात, रडल्याचा आवाज येतोय."

तिच्या गावाचं नाव मी त्याला विचारून घेतलं. बारामतीहून तिकडं जायला एसटी आहे. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं.

मी अजून गेलेलो नाही.